गाडी-प्रश्न: दुसऱ्या हातची स्पोर्ट्स कार

या वेळी सगळी पत्रं एकाच विषयावरची निवडली आहेत. दोन सीटच्या किंवा तशाच अंगाच्या, जमिनीला चिकटून धावणाऱ्या आणि आधी दुसऱ्या कुणीतरी चालवलेल्या गाड्या. जागेअभावी पत्रं थोडी आखडली आहेत.

२०११ ची पोर्श बॉक्सटर एस बघून आलो. पीडीके (पोर्शचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, दुसरा मालक, रनिंग फक्त १८ हजार. विकणारा म्हणतो, "गाडी गॅरेजमधून बाहेरच काढली नाही, नवीच समजा." पण आतलं एक बेअरिंग तुटतं आणि अख्खं इंजिन जातं, असं वाचल्यापासून पोटात गोळा आला आहे. नेमकं काय तपासायचं?
वाचक, कोथरूड, पुणे

आधी पोटातला गोळा काढू. तुम्ही वाचलंत ते इंटरमीडिएट शाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या एका मधल्या दांड्याच्या, बेअरिंगबद्दल. तो दोष खराच आहे, पण १९९७ पासून २००८ पर्यंतच्या इंजिनांचा. त्यातही २००५ च्या आसपासपर्यंतच्या गाड्यांत जास्त. पुढे बेअरिंग मोठं आलं आणि प्रमाण बरंच घटलं. २००९ मध्ये बॉक्सटर आणि तिच्या बंद छपराच्या बहिणीला, केमनला, पूर्ण नवं इंजिन मिळालं आणि त्यात हा शाफ्टच नाही. तुमची गाडी २०११ ची, म्हणजे नव्या इंजिनाची. उद्या कुणी २००६ ची दाखवली तर मात्र ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचा चुरा आहे का, ते बघितल्याशिवाय पुढे बोलू नका.

खरी काळजी दुसरीच आहे, आणि ती विकणाऱ्याने स्वतःच तुम्हाला सांगितली आहे: गाडी बाहेर काढलेली नाही. १८ हजार म्हणजे महिन्याला जेमतेम १०० किलोमीटर. एवढ्या कमी वापरात इंजिनातलं तेल नीट तापत नाही, आत साचलेला ओलावा उडून जात नाही, रबरी सील सुकतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज बसतो आणि टायर एकाच जागी दबून चपटे होतात. नियमित चाललेली, दरवर्षी तेल बदललेली ५५ हजारांची गाडी आमच्या मते या गाडीपेक्षा बरी. आपल्याकडे कमी रनिंगला लोक जादा पैसे मोजतात, ते छोट्या हॅचबॅकच्या हिशेबाने. इथे तो हिशेब लागू पडत नाही.

आणि ते १८ हजार खरे आहेत का? इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये ते एकूण किती तास चाललं याची वेगळी नोंद असते. पोर्शच्या स्कॅनरवर, ज्याला मेकॅनिक लोक पीविस म्हणतात, ती दिसते. किलोमीटरला तासांनी भागा. शहरात वापरलेल्या गाडीचा सरासरी वेग ताशी २० ते ३० भरतो. १८ हजार किलोमीटर आणि ८०० तास म्हणजे साडेबावीस, पटण्यासारखं. १८ हजार आणि २,४०० तास म्हणजे साडेसात. इतक्या वेगाने वरात जाते, बॉक्सटर नाही. मीटर मागे फिरवलेला आहे असं समजून निघून या.

बॉक्सटरचं बॉनेट उघडून बघण्यासारखं काही नसतं. पुढे डिकी, मागेही डिकी, इंजिन सीटच्या पाठीमागे दडलेलं. त्यामुळे गाडी लिफ्टवर चढवायला विकणारा तयार नसेल तर सौदा तिथेच संपला. लिफ्टवर या क्रमाने बघा. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे तेलाचा ओलावा आहे का. नुसता डाग चालेल, थेंब लटकत असेल तर मागचं सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवायचा. मग पुढच्या बंपरचे दोन्ही कोपरे. तिथे रेडिएटर बसवलेले असतात आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. जाळीतून वाळलेली पानं आत शिरतात, पावसात कुजतात आणि ओल धरून ॲल्युमिनियम खातात. टॉर्च मारून बघा. पानं ठासलेली असतील तर बंपर उतरवून साफ करणं हे घेतल्यानंतरचं पहिलं काम. खालच्या कंट्रोल आर्मचे रबर बुश फाटलेत का, पहारीने हलवून बघायला सांगा. आपल्या खड्ड्यांत ते लवकर जातात आणि मग गाडी पुढून टकटकते.

नंतर छप्पर. ते पूर्ण उघडून, बंद करून परत उघडा. मध्येच अडखळलं किंवा एक बाजू पुढे आणि एक मागे अशी सरकली तर आतली केबल किंवा सांधा गेलाय. छपराच्या दोन्ही कडांना पाणी वाहून जाण्याच्या नळ्या असतात. त्या पानांनी आणि मातीने तुंबल्या की पावसाचं पाणी सीटच्या मागे आणि सीटखाली उतरतं आणि तिथल्या वायरिंगच्या जोडण्या हिरव्या पडतात. सीटखालचा गालिचा मुठीत दाबून बघा. एक तांब्या पाणी कडेच्या पन्हळीत ओतलं आणि ते गाडीखाली लगेच पडलं तर नळ्या मोकळ्या. विकणाऱ्याला विचारून ओता, म्हणजे झालं.

टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सहा वर्षांपुढचा टायर या गाडीला नको. रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकडच राहत नाही. चारही टायर एकाच मेकचे हवेत. पुढे एक आणि मागे दुसरं असेल तर आधीच्या मालकाने हात आखडता घेतला होता असं धरा, आणि टायरमध्ये आखडला तर तेलातही आखडला असणार.

आता कागद. सर्व्हिसच्या पावत्यांत किलोमीटर नाही, तारखा वाचा. तेल दरवर्षी, ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी, पीडीकेच्या क्लचचं तेल ९० हजार किलोमीटर किंवा सहा वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा. म्हणजे १८ हजारच चाललेल्या या गाडीत ते किमान दोनदा बदललेलं असायला हवं. "रनिंगच नाही तर कशाला बदलायचं," हे उत्तर मिळालं तर मग चारही टायर, बॅटरी, सगळी तेलं, कूलंट, प्लग आणि बेल्ट यांचं लेखी एस्टिमेट घ्या आणि ते किमतीतून वजा करायला सांगा.

एक तारीख आरसीवर आहे आणि तिच्याबद्दल कुणी स्वतःहून बोलत नाही. नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०११ च्या गाडीची २०२६ मध्ये संपते. नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं, त्याला गाडीची तपासणी आणि हरित कर लागतो आणि आयात गाडीचं शुल्क देशी गाडीच्या कैकपट असतं: देशीला ५ हजार, आयातीला ४० हजार. वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ पासून हे दुप्पट झालं आहे. नूतनीकरण विकणाऱ्याने करून द्यायचं की तुम्ही, ते टोकन देण्याआधी ठरवा.

पैशाबद्दल आमचा ठोकताळा असा: ठरलेल्या किमतीच्या १५ टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवता येत नसेल तर त्याहून स्वस्त गाडी बघा.

दिल्लीत २०१३ ची बीएमडब्ल्यू झेड-फोर ३५ आय मिळते आहे, मुंबईच्या भावापेक्षा बरीच खाली. पेट्रोल आहे. इकडे आणून एमएच १५ करायची. फसगत कुठे होऊ शकते?
वाचक, नाशिक

स्वस्त का आहे, ते आधी समजून घ्या. दिल्ली परिसरात डिझेल गाडीला १० आणि पेट्रोल गाडीला १५ वर्षांची मर्यादा लावली गेली. त्यामुळे तिथे पेट्रोल गाडी दहा वर्षांची झाली की गिऱ्हाईक पातळ होतं. गाडीत खोट असेलच असं नाही. पण कमी झालेल्या किमतीतला मोठा भाग इथे करात जातो. महाराष्ट्रात आयात गाडीला आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला एकरकमी कराचा दर २० टक्के आहे. जुन्या गाडीला तो मूळ किंमत आणि वय लक्षात घेऊन लागतो. दिल्लीचा आकडा ऐकून खूश होण्याआधी मूळ इन्व्हॉइसची प्रत मागवा आणि नाशिकच्या परिवहन कार्यालयातून कराचा अंदाज काढून आणा. मगच दोन्ही शहरांच्या किमती शेजारी ठेवा. पुष्कळदा फरक एवढासाच उरतो की तेवढ्यासाठी एवढ्या लांबची यातायात करावीशी वाटत नाही.

करायचीच असेल तर क्रम असा. परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून कर्जाचा बोजा, थकलेली चलानं, विमा आणि काळी यादी तपासा. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २८ वर नाशिकच्या नावाने ना-हरकत दाखला विकणाऱ्याने काढायचा. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या. चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा, फोटोवर विसंबू नका. इकडे आल्यावर चोरीची नोंद नसल्याचा दाखला, तपासणी, कर, मग नवा नंबर. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावाच लागतो. "दिल्लीच्याच नंबरवर फिरवा, कोण विचारतंय" हा सल्ला नाक्यावर महागात पडतो. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करा. नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो, म्हणून हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल.

या गाडीचं तीन लिटरचं दोन टर्बोंचं इंजिन ताकदवान आहे, ३०६ अश्वशक्तीचं, आणि त्याची दुखणी ठरलेली आहेत. थंड असताना सेल्फ लांबला तर उच्च दाबाचा इंधन पंप. ॲक्सिलरेटर सोडताना बॉनेटखालून पत्रा थरथरल्यासारखा आवाज आला तर टर्बोचं वेस्टगेट, म्हणजे त्याचा दाब आवरणारी झडप. ऑइल फिल्टरच्या घरातून तेल झिरपतं आणि बेल्टवर पडतं. बेल्ट ओला दिसला तर ते काम लगेच. आणि पाण्याचा पंप इलेक्ट्रिक आहे, तो आधी कुठलीही सूचना न देता बंद पडतो. ८० हजारांच्या पुढे गेलेल्या गाडीत पंप आणि थर्मोस्टॅट बदलल्याची पावती नसेल तर दिल्ली-नाशिक प्रवास स्वतः चालवत करू नका, ट्रेलरवर घाला. इंजिन थंड असताना पहिल्यांदा सुरू होताना बघायचंच, म्हणून येण्याआधी सुरू करून ठेवू नका असं बजावून सांगा आणि पोचल्यावर सायलेन्सरजवळ हात नेऊन बघा.

उत्तरेकडच्या गाडीत पुराचं पाणीही तपासावं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाकडच्या वळ्यांत चिखलाची रेघ असते, ती धुणाऱ्याच्या लक्षात येत नाही. सीटचे रूळ, डिकीच्या तळातली पोकळी, दिव्यांच्या आतली पाण्याची कड. आतून सेंटचा भपकारा येत असेल तर तो कशावर मारलाय, ते शोधा. कडक पत्र्याचं छप्पर साधारण २० सेकंदांत उघडायला हवं. तेही दोनदा करून बघा.

लंडनजवळच्या स्लाऊ गावात नोकरीला आहे. माझ्या बजेटमध्ये माझदा एमएक्स-फाइव्ह येते, २००८ ची दोन लिटर, ७० हजार मैल. घेऊ का? आणि तीन-चार वर्षांनी परत येताना सांगलीला आणता येईल का?
वाचक, इंग्लंड

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. भारतात वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि शुल्क गाडीच्या किमतीच्या वर जातं. ही गाडी भारतात कधी अधिकृत विकलीही गेली नाही. तेव्हा ती तिथेच घ्या, तिथेच चालवा आणि निघताना तिथेच विका. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: जरूर घ्या. एवढ्या पैशात एवढी मजा देणारी आणि एवढी सोपी दुसरी गाडी सापडणं कठीण.

इंजिनाची फार चिंता नको. टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही. तेलाची कांडी मात्र स्वतः काढून बघा. काही गाड्या तेल पितात आणि मालक वर्षभर बॉनेट उघडत नाहीत. कांडी कोरडी निघाली तर ती गाडी सोडा. सहा गिअरचा बॉक्स थंडीत पहिल्या दोन मैलांत अडखळतो, तो दोष नाही. गरम झाल्यावरही दुसरा गिअर खरखरला तर दोष.

या गाडीचा शत्रू गंज आहे. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ खालून पत्रा खातं. दाराखालची पट्टी आणि मागच्या चाकाची कमान जिथे मिळतात तिथे बोटाने दाबून बघा. फुगलेला रंग म्हणजे आत भोक. याच्या आधीची पिढी, २००५ पर्यंतची, बघत असाल तर पुढच्या चेसिसच्या दांड्या बघितल्याशिवाय घेऊच नका, त्या आतून सडतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला भिडतो. खालून ताजा काळा जाड थर फासलेला दिसला तर तो कशासाठी फासला ते विचारा. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की दरवर्षीच्या एमओटी तपासणीचा इतिहास फुकट दिसतो. त्यात गंजाची सूचना तीन वर्षं लागोपाठ असेल आणि चौथ्या वर्षी अचानक नाहीशी झाली असेल, तर एकतर वेल्डिंग झालंय, नाहीतर थर फासलाय. पावती मागा.

मागच्या ब्रेकचे कॅलिपर अडकतात. फेरी मारून आल्यावर मागच्या दोन्ही चाकांजवळ हात धरा, एक दुसऱ्यापेक्षा फार गरम नको. अलाइनमेंटचे बोल्ट गंजून जाम होतात, त्यामुळे "अलाइनमेंट करून घ्या, सरळ चालेल" हे वाक्य साधं वाटलं तरी बोल्ट कापण्यापर्यंत जातं. छपराच्या नळ्यांबद्दल वर पुण्याच्या उत्तरात लिहिलं आहे, ते इथेही लागू; तुमच्याकडे पाऊस जास्त दिवस पडतो एवढाच फरक. कर्ज थकलेलं नाही आणि विमा कंपनीने गाडी मोडीत काढलेली नाही, याची पैसे भरून तपासणी करा. रस्ता कर जुन्या मालकाकडून तुमच्याकडे येत नाही, म्हणून गाडी हलवण्याआधी तुमच्या नावाने भरा.

घराजवळच एक सॅन स्टॉर्म पडून आहे. मालक देऊन टाकायला तयार आहे. करावी का उभी?
वाचक, फोंडा, गोवा

करावी, पण गुंतवणूक म्हणून नको. गोव्यातच तयार झालेली दोन सीटची उघडी गाडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, साधारण ६० अश्वशक्ती. वेगासाठी घेण्यात अर्थ नाही. वजनाला हलकी आहे, वारा तोंडावर येतो, संध्याकाळी मिरामारपर्यंत जाऊन यायला याहून जास्त काय हवं?

तिची बॉडी फायबरग्लासची, म्हणजे वरून गंज कधीच दिसणार नाही. हीच गोम आहे. खालची लोखंडी चौकट समुद्राच्या हवेत गंजत राहते आणि वरून गाडी छान दिसते. चारही टोकं आणि सस्पेन्शनचे टेकू पेचकसाने ठोकून बघा. बद्द आवाज आला किंवा पेचकस आत गेला तर हिशेब आधी वेल्डरबरोबर करा. चौकट धड असेल तर बाकीचं जमतं. फायबरला दाराच्या बिजागरीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. त्या खरवडून मॅट आणि रेझिन लावून भरायच्या. नुसती पुट्टी भरली तर दार चार वेळा आपटल्यावर भेग परत येते. होड्या दुरुस्त करणारा माणूस हे काम गाड्यांच्या पेंटरपेक्षा चांगलं करतो आणि असा माणूस तुमच्याकडे सापडणं अवघड नाही.

वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन लगेच सेल्फ मारून सुरू करू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे तेल सोडा, एक रात्र थांबा, मग क्रँकच्या नटाला पाना लावून हाताने दोन फेरे फिरवा. अडकलं तर जोर करू नका. फिरलं तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, इंधनाच्या रबरी नळ्या आणि टायमिंग बेल्ट बदला आणि मगच बॅटरी जोडा. हे इंजिन युरोपात रेनॉच्या ट्विंगो आणि क्लिओ या गाड्यांना होतं, त्यामुळे बेल्ट, फिल्टर, गॅस्केट अजून मिळतात. मागवताना गाडीचं नाव सांगू नका, कुणाला कळणार नाही. इंजिनाचा डी सेव्हन एफ हा कोड सांगा. काच, दिवे, दारांचे भाग मात्र गाडीबरोबर आहेत तेवढेच. काही हरवलं असेल तर साचा काढून बनवावं लागतं. आणि आरसी मूळ मालकाच्या नावावर जिवंत आहे ना, हे चौकट ठोकण्याच्याही आधी बघा.

गाडी घेतली. पण स्पीडब्रेकर आला की छातीत धडधडतं. शिवाय घाटात आणि ट्रॅकवर चालवायची हौस आहे. दोन्हीवर मार्गदर्शन करावं.
वाचक, कोल्हापूर

कागदावरच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, असा गोलसर पाठीचा असतो. त्यावरून बहुतेक स्पोर्ट्स गाड्या सरळ जातात. गावाने एका रात्रीत घातलेला डांबराचा उंचवटा आडवा कमी आणि उभा जास्त असतो, तिथे पोट टेकतं. तिरकं घ्या: एक पुढचं चाक आधी चढवा, ते उतरताना दुसरं चढेल, आणि चाकं वर असताना ब्रेक दाबू नका, कारण ब्रेकने नाक खाली जातं. शेजारच्याला उतरवलं तरी सेंटिमीटरभर फरक पडतो. पुढच्या बंपरखालचा काळा रबरी ओठ घासला तर मनाला लावून घेऊ नका, तो घासण्यासाठीच असतो. खालचं प्लास्टिकचं आवरण मात्र दर सर्व्हिसला स्क्रू मोजून बसवून घ्या. दोन स्क्रू कमी असले की ते वेगात लोंबतं. स्प्रिंग कापून गाडी आणखी खाली करण्याचा विचार असेल तर कोल्हापुरात राहून तो सोडा.

घाटासाठी आंबोली किंवा गगनबावडा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडल्यावर लगेच. पावसाळ्यात धुकं, दरडीची माती आणि वळणावर उभे असलेले पर्यटक, यात गाडीची मजा काहीच येत नाही. चढताना सगळ्यांनाच येतं. कसब उतरण्यात आहे. गिअर हाताने दुसऱ्या-तिसऱ्यावर ठेवा, वळणाआधी ब्रेक सरळ रेषेत दाबून सोडा. सतत हलका पाय ठेवला की पॅड तापतात आणि तेलात ओलावा असेल तर ते उकळून पेडल मऊ पडतं. पेडल खाली गेलं तर गिअर आणखी उतरवा आणि जागा मिळाली की थांबा, पण हँडब्रेक ओढू नका. तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

ट्रॅकचं म्हणाल तर पहिला पैसा गाडीवर नाही, स्वतःवर घाला. तुमच्या शहरातच मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे. तिथल्या दहा फेऱ्या ब्रेक कुठे सोडायचा हे जेवढं शिकवतील तेवढं आपली गाडी वर्षभरात शिकवणार नाही. त्यानंतर कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा, लहान आणि नवशिक्याला झेपणारा. जाण्याच्या आठवडाभर आधी ब्रेकचं नवं तेल, पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक, चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला. टायरमध्ये थंड असताना नेहमीपेक्षा ३-४ पीएसआय कमी हवा, कारण तीन फेऱ्यांत ती आपोआप चढते. घरी निघताना परत भरायला विसरू नका. पाच-सहा फेऱ्या जोरात, मग एक फेरी ब्रेकला हात न लावता हळू. बोल्ट गार झाल्यावर परत तपासा. आणि हे माहीत असू द्या की नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर भिंतीला लागलं तर खर्च पूर्ण तुमचा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते. बॅटरी उतरते. रोज पाच मिनिटं सुरू करून ठेवतो, तरीही. ई-२० पेट्रोलचीही भीती वाटते.
वाचक, ठाणे

ती पाच मिनिटं आजपासून बंद करा. सेल्फने जेवढी वीज खाल्ली तेवढीही पाच मिनिटांत परत भरत नाही, आणि थंड इंजिनातून निघालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात साचतं. त्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा ४० मिनिटं चालवा, तेल पूर्ण तापू द्या, गिअर सगळे वापरा. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट मिळत असेल तर बॅटरी मेंटेनर लावा. साधा चार्जर नको, तो भरल्यावर थांबत नाही. मेंटेनरचा प्रकार बॅटरीवर लिहिलेल्या प्रकाराशी जुळवा. पॉइंटसाठी समितीची परवानगी काढणं हे या छंदातलं सर्वांत चिवट काम आहे, याची कल्पना आहे.

लांब उभी राहणार असेल तर टायरमध्ये ४-५ पीएसआय जास्त हवा भरा. हँडब्रेकऐवजी चाकाला लाकडी ठोकळा लावा. आच्छादन कापडी, हवा खेळणारं. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली घाम साचून रंगाला फोड येतात. ठाण्यात उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून बॉनेटखाली महिन्यातून एकदा डोकवा.

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल. २०१०-१२ च्या सुमाराच्या बऱ्याच युरोपीय गाड्या १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणासाठी बनलेल्या आहेत. भरलं की इंजिन लगेच मरतं असं नाही. त्रास होतो तो उभ्या गाडीला: इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पाण्यासकट टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून उभी करताना टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा म्हणजे आत हवा कमी राहते, आणि तेच पेट्रोल दोन महिन्यांत संपवा. इंधनाच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला वाकवून बघायला सांगा. बारीक चिरा दिसल्या की बदला, वास येईपर्यंत थांबू नका. ऑक्टेनची अट इंधनाच्या झाकणाच्या आत छापलेली असते. तिथे ९५ किंवा ९८ लिहिलं असेल तर साधं पेट्रोल रोज घालू नका. कॉम्प्युटर इंजिनाला सांभाळून घेतो, पण ताकद कापतो, आणि तीच तर तुम्ही विकत घेतली होती.

सायलेन्सर बदलून आवाज वाढवला आणि ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचं रीमॅप केलं तर?
तीन वाचकांचा एकच प्रश्न

आवाजाला दंड होतो आणि सायलेन्सर जागेवर उतरवून घेतला जातो. रीमॅप कुणाला दिसत नाही, पण क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स यांना ते जाणवतं. जुनी गाडी घेताना रीमॅप केलेली असेल तर मूळ फाइल परत घालून मागा आणि मूळ सायलेन्सर डिकीत ठेवून मागा. विकणारा नाही म्हणाला तर नव्या सायलेन्सरची किंमत कमी करायला सांगा.